पळणारा ससा

रविवारी कळंब्याच्या रस्त्याला तो रानातले ससे विकायला बसायचा. गिऱ्हाइकासमोर पोट फाडून काळीज तळहातावर घ्यायचा आणि उन्हात फिरवून बघायचा. पांढरे ठिपके दिसले की ससा पुरून टाकायचा. मला किळस यायची, तरी मी वाकून बघायचो.

एकदा विचारलं, "यांच्यात किडे असतात म्हणे. खाल्लेला चालतो का?"

"पळवून पळवून घावलेला ससा नीट शिजवून बिनघोर खावा, पावणं. जवळ गेलं तरी बसून ऱ्हातोय, त्यो नगं. त्येला आतनं कायतरी खात असतंय."

पावसाळाभर तो दिसला नाही. दिवाळीच्या सुमारास दिसला, त्याच रस्त्यात मधेच बसलेला, हाडं वर आलेली. जवळ ससे नव्हते. मी स्कूटरचा हॉर्न वाजवला, स्कूटर अगदी जवळ नेली. तो बसूनच राहिला.