खुंटीवरची बादली

दवाखान्यातली बाई मढ गावात आमच्या विहिरीवर यायची ती बोलतच. पदर खोचून बायकांमध्ये खुशाल ओल्यात बसायची. मला ते कधीच जमलं नाही.

चिखलात टेकवलेली बादली विहिरीत सोडू नये, हे मी आईला हळू आवाजात कितीदा सांगितलं होतं. "कॉन्व्हेंटातलं कॉन्व्हेंटात ठेव," ती म्हणायची.

बाईने आईला तशी बादली सोडताना एकदाच पाहिलं. "काय गं मावशी, चिखलाच्या पायांनी भाताच्या टोपात उतरशील का?" सगळ्या हसल्या, आई सर्वांत मोठ्याने. संध्याकाळी तिने बादलीसाठी खुंटी ठोकली.

काल मी बादली मुद्दाम खाली ठेवली. वाटलं, आई म्हणेल, तूच सांगायचीस ना?

आई ओरडली, "उचल ती! बाईने सांगितलेलं कळत नाही तुला?"