वरच्या फळीवरचे ग्लास

सासूबाईंच्या हातून एकाच आठवड्यात काचेचे दोन ग्लास फुटले आणि माझं डोकं फिरलं. आमचं सातपूरचं स्वयंपाकघर ते केवढं! दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरच थांबायचं. त्यात काचा वेचायच्या म्हणजे झाडून घ्या, ओलं फडकं फिरवा, कणकेचा गोळा फिरवा, तरी दुसऱ्या दिवशी एखादी तळपायात घुसतेच. घुसली, माझ्याच.

त्याच दुपारी मी काचसामान लावायला घेतलं. आवराआवरीत माझा हात धरणारं कोणी नाही. हे मीच सांगते, कारण घरात दुसरं कोणी सांगत नाही. दिंडोरीहून भाऊ द्राक्षाची पेटी पाठवतो, तिच्या तळाशी पातळ फोम असतो. तो मी कधी टाकत नाही. तो कापून सगळ्यात उंच फळीवर अंथरला. ग्लास धुऊन, कोरडे पुसून, सुटे सुटे मांडले. एकात एक घातले की अडकून बसतात आणि ओढताना कडेचा टवका उडतो. उरलेले चार चहाचे ग्लास पार मागे सरकवले, पुढे सरबताचे लावले. आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, आजपासून तुम्हाला स्टीलचा. पडला तरी नुसता आवाज होईल."

त्या फक्त "बरं" म्हणाल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं. निमूट बरं म्हणणाऱ्यातल्या त्या नाहीत.

सकाळचा पहिला चहा आमच्याकडे त्यांचा. सासरे कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे तेव्हापासूनची ती सवय. आता सासरे नाहीत, पाळी नाही, तरी गॅस पेटवणार त्याच. दोन ग्लास भरायचे, एक त्यांचा, एक माझा. स्टीलचे ग्लास आले आणि ओट्यावर रोज चहाचं तळं साचायला लागलं. मी पुसत होते आणि पुटपुटत होते. पाचव्या दिवशी उकळता चहा त्यांच्या हातावरच सांडला. बोटं लालबुंद झाली. मी त्यांचा हात नळाखाली धरला आणि तोंडही सोडलं, "अहो, जमत नाही तर हा अट्टहास कशाला? उद्यापासून चहा मी करीन. तुम्ही आपलं गॅलरीत बसा."

त्या एकदम रडायलाच लागल्या. सासरे गेले तेव्हा रडल्या होत्या, त्यानंतर आत्ताच.

"मला नीट दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. "काचेत चहाचा रंग वर चढताना दिसतो, त्या अंदाजाने भरते मी. स्टीलमध्ये सगळा अंधार. ते दोन फुटले ते ओट्याची कड दिसली नाही म्हणून."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू मला ओट्याशी उभं राहू दिलं असतंस?"

नसतं दिलं. खोटं कशाला बोलू?

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंतर नेलं, मोतीबिंदू निघाला. पण त्या क्षणी मला एवढंच सुचलं की ते चार ग्लास आधी खाली आणायचे. इतकी लाज वाटत होती की त्यांच्याकडे बघवेना. स्टूल ओढलं, चढले, पार मागे हात घातला, आणि कोपराचा धक्का लागून पुढचा सरबताचा ग्लास खाली आला. खळ्ळकन!

"आहेस तिथंच थांब, पाय खाली टाकू नकोस," सासूबाई म्हणाल्या. पदराने डोळे पुसले, चाचपडत झाडू काढला आणि खाली बसून काचा माझ्या स्टुलापासून लांब लोटायला लागल्या. मी चहाचा एक ग्लास छातीशी धरून वर तशीच उभी. जरा वेळाने त्यांनी मान वर केली.

"काय गं," त्या म्हणाल्या, "आता तुला कुठल्या फळीवर ठेवायची?"