हमाम अलीचं ऊन पाणी

आम्ही दोघं लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याचे, एकाच आळीतले. पहिल्या महायुद्धात बरोबरच पलटणीत भरती झालो आणि इराकात बसऱ्याला जहाजातून उतरलो तेव्हाही शेजारी शेजारीच होतो. लढाई थांबल्यावर आमची तुकडी मोसूलच्या अलीकडं, तैग्रिस नदीकाठी, हमाम अली नावाच्या गावात पहाऱ्याला ठेवली. तोवर माझ्या मित्राचे पाय गेले होते. जखम कुठंच नव्हती. मोठा ताप आला, उतरला आणि जाताना पायांतली सगळी ताकद घेऊन गेला. गावाकडं नागफणीच्या कड्यावर मध काढायला चढणारा गडी, त्याला मी पाठुंगळी घेऊन परसाकडं नेत होतो.

जहाज मिळेपर्यंत दवाखान्यात पडून राहण्यापेक्षा त्यानं माझ्याजवळ राहावं, असं डॉक्टरांनीच ठरवलं. कारण त्या गावात गरम पाण्याचा झरा होता. झऱ्यावर घुमट, आत खोल हौद. पाण्याला गंधकाचा वास आणि वर काळ्या डांबराची साय. आसपासचे लुळेपांगळे, खरजेनं पिडलेले लोक गाढवांवर बसून तिथं यायचे आणि ते डांबर अंगाला फासायचे.

पहिल्यांदा नेलं तेव्हा वास घेऊन तो म्हणाला, "आरं, ह्ये तर उन्हेऱ्यावानी हाय."

घाट उतरून कोकणात गेलं की पालीजवळ उन्हेऱ्याला ऊन पाण्याची कुंडं आहेत. त्याची आई गुडघे धरले म्हणून तिथं गेली होती, याला बरोबर घेऊन.

"मग मावशीचं गुडघं बरं झालं का?" मी विचारलं.

"चार रोज बरं वाटलं."

पहारा संपला की मी त्याला रोज हौदात उतरवायचो. काही दिवस तो नुसताच माझ्या गळ्याला धरून बसला. मग एकदा छातीभर पाण्यात त्यानं हात सोडला आणि उभा राहिला. भिंतीला धरून एक पाय पुढं टाकला, मग दुसरा.

"बग, चाललो! धरू नगंस मला, सोड!"

तो हसत होता, नाकातोंडात पाणी जाऊन खोकत होता, परत हसत होता. हौदावरचा म्हातारा अरब हात वर करून अल्लाचं नाव घ्यायला लागला. माझेही डोळे भरून आले. संध्याकाळी त्यानं बेत सांगितला. लोणावळ्याला उतरलो की बैलगाडी करायची नाही, कुरवंड्यापर्यंत पायी जायचं.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आज पायऱ्यांनी मीच वर येतो."

खालच्या पायऱ्या जमल्या. पाणी कमरेखाली गेलं तसे गुडघे लटपटायला लागले आणि पाण्याबाहेर येताच तो तोंडावर पडला. परत खाली गेला, परत पडला. ओठ फुटला तरी ऐकेना. शेवटी पाण्यात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

"पानी धरतंय मला," तो म्हणाला. "मी न्हाई चालत."

मी वर चल म्हणालो, तर म्हणाला, "मला हितंच सोड. हितं तरी मी हुबा हाय."

मी त्याला उचलून बाहेर काढला, अंग पुसलं, कपडे घातले. त्यानंतर हौदावर जायचं नाव त्यानं काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

लोणावळा स्टेशनपासून त्याला झोळीतून घरी नेला. त्याची आई दारातच उभी होती. तिनं पायांवरून हात फिरवला आणि चूल पेटवायला आत गेली. तेव्हापासून रोज सकाळी निरगुडीचा पाला उकळून ती त्याचे पाय शेकायची. तो मुकाट शेकून घ्यायचा.

एकदा ती पाणी आणायला गेलेली असताना मी म्हणालो, "मावशीला सांगायला पायजे, असल्या पान्यानं काय व्हत न्हाई."

"नगं सांगूस. तेवढाच तिचा येळ जातो."

मला पुढं रेल्वेत, घाटातल्या लायनीवर काम मिळालं. सुट्टीला गेलो की त्याच्याजवळ बसायचो. बोलणं कमी कमी होत गेलं. कोणी डोंगरावरनं आलं, काय काय दिसलं ते सांगायला लागलं, की तो कांबळं तोंडावर ओढून घ्यायचा.

भाताची कापणी चालू असताना तो गेला. मसणवट्याची वाट चढाची, म्हणून खांदा बदलायला माणसं बरोबर घेतली होती. बदलायची वेळच आली नाही, इतका तो हलका झाला होता.