कुशाबाच्या नावाची हाळी

डोंगरातल्या मुठ्याच्या ख्रिस्ती मंडळीतली तरुण पोरं प्रार्थनेत तोंड उघडत नसत. डोळे मिटून बसत, आणि कौलांवरच्या चिमण्या तेवढ्या ऐकू येत. येत्या रविवारीही कुणी बोललं नाही तर तरुण संघ बंद करू, असं पाळकांनी लीलाबाईंना सांगून टाकलं होतं. लीलाबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स. संघ त्यांनीच छप्पन साली उभा केलेला. पोरांना बोलतं करायला खेळ झाले, गाणी झाली, वचनं पाठ करून झाली.

त्या रविवारी त्यांनी पोरांना डोंगराच्या सोंडेवर नेलं.

"डोळे मिटायचे नाहीत. ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव मोठ्यांदा घ्यायचं. बास."

"एवढ्यासाठी चढवलं व्हय, बाई?" देवू म्हणाला.

कधी न बोलणारी गंगू पुढे झाली. तिनं तोंडाभोवती हात धरले. "कुशाबाऽऽ!" तिचा बाप.

दरीपलीकडून नाव परत आलं, पण घोगऱ्या पुरुषी आवाजात. मग त्याहून वरून, एका बाईच्या. मग खिंडीपल्याडून, पुसट. तो प्रतिध्वनी नव्हता. कुणी हरवलं, कड्यावरून पडलं, की इथल्या वस्त्या अशीच हाळी पुढे देतात. लीलाबाईंच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. नाव डोंगरामागून डोंगर ओलांडत गेलं.

ऊन कलताना माणसं चढून आली. काठ्या, दोर, झोळीसाठी घोंगडी. पुढे म्हातारा कोंडाजी, धापा टाकत.

"कुटं पडलाय गडी?"

आयुष्यभर लीलाबाईंनी नावं घेऊन मागणी केली होती. नाव ऐकून कुणी दोर घेऊन निघतं, हे पाहिलं नव्हतं.

"मुंबैला गेलाय," गंगू म्हणाली. "तीन वर्सं पत्ता न्हाई."

"आयला! आन् आमी दरीत हुडकतोय," म्हणत कोंडाजी खाली बसला.

दोर खांद्यावर तसाच ठेवून त्यांच्यातली साळूबाई म्हणाली, "गप ओ. पोरी, खूण सांग. माझा ल्योक सावळ्या हाय तितं गोदीत. इचारंल."

गंगू सांगू लागली. डावी भुवई तुटलेली. चालताना शीळ घालतो. रागावला की जेवत न्हाई, मग चुलीपाशी येऊन बसतो. माणसं खडकावर टेकली, कुणी मधेच काही विचारत होतं. ती थांबली, तेव्हा देवूनं आपणहून आपल्या बहिणीचं नाव घेतलं.

लीलाबाईंनी सवयीनं डोळे मिटले होते. ते उघडून त्या एकेका तोंडाकडे पाहत राहिल्या.