काम कोण थांबवतं?

माझ्या वडिलांच्या कानाखाली माझ्यासमोर एकदाच वाजली, आणि ती माझ्या प्रश्नावलीमुळे. मारणारा त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान होता.

मी तेव्हा अर्थशास्त्राच्या एका संशोधन प्रकल्पावर होते. विषय असा, की छोट्या कारखान्यांत कागदावर सत्ता कोणाची असते आणि खरे निर्णय कोण घेतं. आमच्या मॅडम सांगायच्या, मालक बोलेल तेवढंच लिहून आणू नका, वरपासून खालपर्यंत प्रत्येकाला तोच प्रश्न वेगवेगळा गाठून विचारा. भाईंदरच्या गाळ्यांत परक्या माणसाला कोणी दारात उभं करत नाही. मला मात्र दार उघडं होतं, कारण स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका गाळ्यात बाबा फोरमन होते. ओळखीचा फायदा घेतला, आणि तोही ताठ मानेने.

गाळा दोन भावांचा. थोरला बाहेरचं बघायचा, धाकटा आत बसायचा. धाकट्याचा हात सैल. पातेल्यावर चरा दिसला की तेच पातेलं पॉलिशवाल्याच्या पाठीत बसायचं. उलटून बोललं तर लाथ. मी हे पहिल्याच दिवशी पाहिलं आणि वहीत लिहिलं, ‘शिस्तीची पद्धत अनौपचारिक.’ आज ते वाक्य वाचलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दोन नंबरच्या प्रेसवर जवळच्या मुर्धा गावचे एक काका होते. हाताने पत्रा आत सरकवायचा, पायाने पायडल दाबायचं, वरून लोखंडी ठोकळा आदळायचा आणि पत्र्याचा वाडगा व्हायचा. पण आतली स्प्रिंग झिजली की ही प्रेस पायडल सोडल्यावरही आपोआप पुन्हा आदळायची. तेव्हा हात आत असला तर संपलंच. स्प्रिंग बदलायला तास लागायचा, आणि धाकटा पाच मिनिटंसुद्धा प्रेस बंद ठेवू द्यायचा नाही.

माझा प्रश्न होता, काम थांबवायचा अधिकार कोणाला? थोरला म्हणाला, मला. धाकटा म्हणाला, मला. काकांनी आधी दाराकडे पाहिलं, मग हसले.

“अगं बाय, मालक बोलंल मीच. पन प्रेस बिघडली का तुझा बाप फ्यूज काढतो, खिशान टाकतो आन् बोलतो, फेज गेला. तवर फिटर गुपचूप स्प्रिंग बदलतो. तुझा बाप हाय म्हनून माझा हात हाय.”

गाळ्यातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, दोन मालक सोडून. मला हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी होता. मॅडमना हवं होतं ते नेमकं हेच. बाबांना मात्र मी काही विचारलं नाही. नात्यातल्या माणसाची मुलाखत घेऊ नये असा आमचा नियम, आणि नियमांच्या बाबतीत मी मोठी सोवळी.

शेवटच्या दिवशी पडताळणी असायची. मालकांसकट सगळ्यांना एकत्र बसवायचं, जुळत नसलेली उत्तरं वाचून दाखवायची, नाव कोणाचं घ्यायचं नाही. मी वाचलं, “एका कामगाराच्या मते प्रत्यक्षात काम फोरमन थांबवतात, फ्यूज काढून.” नाव घेतलं नाही. फोरमन त्या गाळ्यात एकच होता, हे शेंबडं पोरही सांगेल. घरचा भेदी लंका दहन, आणि इथे तर लंका नव्हती, माझा बाप होता.

“इतने साल से झूठ बोल रहा है तू?” म्हणत धाकट्याने कानाखाली दिली. बाबांचा चष्मा उडाला. दुसरा तडाखा बसला तसे ते प्रेसच्या कोपऱ्यावर आपटले आणि भुवई फुटली. मी धाकट्याचा शर्ट धरला, तर त्याने मला थाळ्यांच्या ढिगात भिरकावलं. थोरला अडवायला गेला, त्यालाही एक बसली. कामगारांतून फक्त काका पुढे आले. त्यांच्या पोटात गुडघा बसला.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पॅकिंगला. फ्यूज आणि मेन स्विचवर लोखंडी पेटी आली, पेटीला कुलूप, किल्ली धाकट्याच्या खिशात. मी घरी म्हणाले, “बाबा, सोडा ना ते काम.”

भुवईला टाके पडलेले बाबा म्हणाले, “प्रेसचा आवाज बदललाय. मी गेल्यावर तिच्याकडे कोण बघणार?”

त्यांनी धाकट्याला दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, “तू खोके भर.”

आठवडाही झाला नव्हता. भर दुपारी पॅकिंगवाल्या बाईंचा मला फोन आला, नुसतं रडणं. मीरा रोडहून रिक्षाने पोचले तेव्हा काकांना हॉस्पिटलात नेलं होतं. प्रेस दुसऱ्यांदा आदळली होती आणि हात खालीच अडकला होता. वर मोटर चालू, पेटीला कुलूप आणि किल्ली घेऊन धाकटा बाहेर गेलेला. बाबांनी घणाने कुलूप फोडून फ्यूज काढला. मग चौघांनी प्रेसचं चाक हाताने उलटं फिरवून ठोकळा वर घेतला.

मी पाहिलं ते त्यानंतरचं. परत आलेल्या धाकट्याला कामगारांनी केस धरून मोटरसायकलवरून खाली ओढलं होतं आणि तुडवत होते. बाबांच्या हातात तोच घण होता. आयुष्यात कुणावर हात न उचललेला माझा बाप घण उचलून त्याच्या डोक्याशी उभा होता. थोरल्याने बाबांचे पाय धरले. घण ऑफिसच्या काचेवर पडला. मग बाबांची नजर माझ्यावर गेली आणि तशीच पुढे सरकली. त्यापेक्षा मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले. काकांचा उजवा हात मनगटापासून गेला होता. मी पायाशी बसले आणि सगळं कबूल केलं. माझ्यामुळे झालं, मीच वाचून दाखवलं, असं म्हणत रडले.

काकांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थापटलं.

“न्हाय गं बाय. मालकाला सांगू नको, असं बोलायचं मीच ईसरलो. माझीच चूक.”