अडवलेल्या टपालातला माणूस

नोकरीतले कित्येक तपास आता विसरलो. त्या फिटरचा शोध घेतलेले दिवस मात्र जसेच्या तसे आठवतात.

पुसद भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. कापसाचं सगळंच बिघडलेली ती वर्षं. माणूस घरी परतला नाही की पोलीस आधी आसपासच्या विहिरी पाहायचे, इतकी ती सवय अंगवळणी पडली होती. जिनिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीतला फिटर बेपत्ता असल्याची नोंद झाली, तेव्हाही आम्ही तेच केलं. विहिरींत काही सापडलं नाही.

त्याची बायको फुलसावंगीची. रोज सकाळी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची. "रागानं गेले असतीन साहेब," ती म्हणायची, "पण निरोप दिल्याबिगर राह्यणारा माणूस नोहे तो."

पाचव्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "फिटरचं अन् फोरमनचं गेटवर भांडण झालतं. फोरमनले विचारा." फोन बंद.

फोरमन पन्नाशीचा, शांत गृहस्थ. भांडण झालंच नाही, असं त्यानं पहिल्या दिवशी ठामपणे सांगितलं. गेटवरचा चौकीदार वेगळंच सांगत होता. मी फोरमनला सकाळी चौकशीला बोलवायचो, संध्याकाळी घरी सोडायचो. तिसऱ्या दिवशी त्याचा धीर सुटला.

"मी त्याले ढकललं, साहेब. काम सोडून निघून जा म्हटलं. पण जिवाचं काही केलं नाही."

"मग आधी काहून लपवलं?"

"माह्या हाताखाली शिकला तो. लाज वाटली जी."

खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही. एकदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदा खरं बोलला तरी पोलिसाला ते खोटंच वाटतं. अटकेची तयारी करायची, असं मी मनाशी ठरवलं. त्याआधी फिटरचे हजेरीचे कागद हवे होते, म्हणून कंपनीत गेलो.

कागद काढून देणारी मुलगी बोरी अरबची. "जयभीम साहेब," म्हणून तिनं खुर्ची दिली. कंपनीचे संगणक आणि ईमेलचा सर्व्हर तीच सांभाळायची. मी सहज विचारलं, त्याच्या नावानं काही पत्रबित्र?

"आलं असतं तर दिसलं असतं," ती म्हणाली. मग पुढं म्हणाली, "साहेब, आलेलं सगळंच टपाल आमच्यापर्यंत येत नाही."

मालकांच्या ईमेलवर लॉटरीची, औषधांची फालतू पत्रं पडत. वैतागून त्यांनी कडक चाळणी लावायला सांगितली होती. अनोळखी पत्ता, मोठ्या अक्षरांत 'तातडीचे', सोबत फोटो, असं काही दिसलं की सर्व्हर ते पत्र दारातच अडवायचा. अशी पत्रं ताबडतोब पुसून टाकायची, असा हुकूम होता.

"मी पुसली नाहीत," ती हळूच म्हणाली. "महिनाभर बाजूला ठेवते. यंत्रालेही चूक होते ना साहेब."

तिनं फिटरचं नाव टाकून शोधलं. काही नाही. आडनाव टाकलं. काही नाही. मी उठायच्या बेतात होतो. "थांबा," ती म्हणाली आणि हजेरीच्या कागदावरून त्याचा बिल्ला नंबर टाकला.

तीन पत्रं निघाली. तिन्ही एकाच माणसाची, शेजारच्या राज्यातल्या एका दवाखान्यातून. ट्रकवरून पडलेला एक इसम दाखल आहे, डोक्याला मार आहे, बोलता येत नाही, खिशात तुमच्या कंपनीचं कार्ड आहे. कार्डावरचा फोन लागत नाही, कृपया कळवा. कार्डावरचं नाव पत्र लिहिणाऱ्यानं भलतंच वाचलं होतं. नंबर तेवढा बरोबर उतरवला होता.

फोटो उघडला. पट्ट्यांत गुंडाळलेला चेहरा मला ओळखता येईना. ठाण्यातून फोरमनला बोलावलं. पडद्याकडे पाहून तो लहान पोरासारखा रडला. "हाच हाये. जित्ता हाये."

त्याच दुपारी एक हवालदार, फिटरची बायको आणि फोरमन जीपनं निघाले. महिन्याभरानं फिटर काठी टेकत स्वतः ठाण्यात आला. रागाच्या भरात सीमेपलीकडे काम शोधायला निघालो होतो, एवढंच त्याला आठवत होतं. सोबत फोरमन होता, त्याचा दंड धरून. कामावर परत कधी येतो, यावरून दोघांचं तिथंच जुंपलं. बायको पहिल्यांदा हसली.

इथवरची गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. पुढची क्वचित. जीप निघाल्यावर मी ठाण्यातला बिनतारी संदेशांचा गठ्ठा मागवला. अनोळखी जखमी इसमाचा तोच संदेश परराज्यातल्या पोलिसांनी आम्हालाही पाठवला होता. त्यावर आवकचा शिक्का होता आणि खाली माझीच सही. मी तो वाचला नव्हता. असे संदेश रोज येतात, म्हणून सह्या करत गेलो होतो.

त्या मुलीला मी हे सांगितलं. तिला हसू आलं नाही. ती म्हणाली, "साहेब, मी आता रोज सकाळी अडवलेली पत्रं स्वतः पाहून राह्यली. अर्धा तास लागते फक्त."

दुसऱ्या दिवसापासून मीही तो गठ्ठा रोज वाचू लागलो. निवृत्तीपर्यंत त्यातून आणखी चौघे आपापल्या घरी पोचले.