साळवेबाईंचा हेवा

साळवेबाई कुणाच्याही घरी गेल्या की सरळ स्वयंपाकघरात शिरायच्या. मी पडवीत मांडलेल्या खुर्चीवर बसून पालकांशी मुलांच्या अभ्यासाबद्दल बोलायची आणि आतून साळवेबाईंच्या हसण्याचा आवाज यायचा. निघताना मला सगळे अदबीनं नमस्कार करायचे. त्यांना मात्र घरातल्या बायका फाटकापर्यंत सोडायला यायच्या आणि फाटकाशी पुन्हा गप्पा सुरू व्हायच्या. मी पुढे जाऊन रस्त्यावर वाट बघत उभी. गावात त्या ‘आमच्या बाई’ होत्या, मी ‘मॅडम’. मला त्यांचा हेवा वाटायचा. आता त्या या जगात नाहीत, तरी तो हेवा पुरता गेला आहे असं मी म्हणणार नाही.

आम्ही दोघी जालना जिल्ह्यातल्या. मी अंबडची, त्या भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याच्या. शिक्षकाची नोकरी लागली ती मात्र कोकणात, समुद्राकाठच्या एका लहानशा कोळ्यांच्या गावात. मराठवाड्यातल्या पुष्कळ शिक्षकांचं असंच होतं. नवरा आणि मुलं गावी, आपण कोकणात, आणि बदलीची वाट बघत वर्षं जातात. आम्ही एका खोलीत राहायचो. एका भिंतीवर माझे देव, समोरच्या भिंतीवर त्यांची बुद्धाची तसबीर, मध्ये एकच गॅसची शेगडी.

मी कोकणात येण्याआधीच आपली बोली घासूनपुसून काढली होती. साळवेबाईंनी ती तशीच आणली. वर्गातही त्या केदारखेड्यात बोलाव्यात तशा बोलायच्या. एकदा मुख्याध्यापकांनी त्यांना माझ्यादेखत सांगितलं, “बाई, मुलं आता ‘मंग’ आणि ‘जल्दी’ म्हणायला लागलीत.” मला आतून बरं वाटलं. साळवेबाई जराही शरमल्या नाहीत. “सर, मी त्यांचा ‘दर्या’ घेतला, त्यांनी माझं ‘मंग’ घेतलं. बराबर झालं न,” म्हणाल्या. मुख्याध्यापक हसले. मी इतकी शुद्ध बोलायची, पण माझ्याशी ते असे कधी हसले नव्हते.

समुद्राची मासळी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. पहिल्याच पावसाळ्यात बायकांमध्ये बसून त्या ती साफ करायला शिकल्या. खोलीवर आल्या की मी नाक मुरडायची. “ओ ताई,” त्या साबणानं हात चोळत म्हणायच्या, “आपल्या अंगाला बी त्यांना सोयाबीनच्या भुश्याचा वास येत असंल. ते बोलून दाखवत न्हाईत, इतकंच.”

मग ते चक्रीवादळ आलं.

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती आणि आम्ही दोघी गावाहून नुकत्याच परतलो होतो. टीव्हीवर वादळाचा गोल गरगरत आमच्या किनाऱ्याकडे सरकत होता. ग्रामपंचायतीचा भोंगा सकाळ-संध्याकाळ ओरडत होता. गावातले पुरुष होड्या खाडीत आत ओढून नेत होते, एकीला दुसरी बांधत होते. कौलांवर वाळूच्या गोण्या चढत होत्या. बायका सुकी मासळी पिंपांत भरत होत्या, काड्यापेट्या आणि रेशनकार्डं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळत होत्या. घरावर झुकलेल्या माडांचे नारळ उतरवायला दिवसभर माणसं झाडांवर होती. आम्ही दुष्काळातली माणसं. घरात शिरणारं पाणी आम्हाला ठाऊकच नव्हतं.

शाळेची इमारत पक्की होती, म्हणून तिथं लोकांना हलवायचं ठरलं. तालुक्याच्या साहेबांनी निवाऱ्याची जबाबदारी माझ्यावर टाकली. मी मन लावून काम केलं. वर्ग रिकामे केले, पाणी भरून घेतलं, चटया घातल्या, म्हाताऱ्यांसाठी संडासाजवळचा वर्ग ठेवला. वरच्या आळीतले लोक सामान घेऊन आले. पण समुद्राला अगदी लागून असलेली खालची आळी जागची हलेना.

मी स्वतः तिथं गेले. आळीची सूत्रं पारूआजींच्या हातात होती. घराच्या दारात त्या जाळं शिवत बसल्या होत्या. शेजारी त्यांची सून सुगंधा, कडेवर तान्हं घेऊन. मी त्यांना साहेबांचा आदेश सांगितला. वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, सगळं समजावून सांगितलं. पारूआजींनी नीट ऐकून घेतलं, मला चहा दिला.

“मॅडम, मागल्या वर्षी पण असंच उठवलं आमाला,” त्या म्हणाल्या. “वादळ गेलं गुजरातला, नि हिकडं कुत्र्यांनी सुकी मच्छी खाल्ली. आमी नाय येत.”

चहा संपला. मी परत आले. वाटेत साळवेबाई भेटल्या. काय झालं ते मी सांगितलं आणि म्हटलं, “तुमचंही ऐकणार नाहीत.”

“न्हाई ऐकलं तर न्हाई,” त्या म्हणाल्या. “जाऊन तर येते.”

पुढचं मला सुगंधानं नंतर सांगितलं. साळवेबाई नेहमीसारख्या आत गेल्या आणि चुलीपुढे बसल्या. लोकांना हलवायचा विषयच त्यांनी काढला नाही. पारूआजींनी विचारलं, “बाई, तुमी हितं कशाला आल्यात?”

“मला भ्या वाटून राह्यलंय, आजी,” साळवेबाई म्हणाल्या. “आमच्याकडं गुडघाभर पानी बी कधी दिसत न्हाई. मला पवता येत न्हाई. शाळेत ताई हायत, पन त्या बी माझ्यासारख्याच, अंबडच्या. तिथं दर्याची माहिती असनारं एक बी मानूस न्हाई. तुमी असल्या तर मला धीर येईल. न्हाई आल्या तर मी हितंच बसते तुमच्यापाशी.”

“हितं बसून मराल.”

“मंग तुमी न्हाई का मरनार?”

म्हणे पारूआजींनी शिवायचं जाळं गुंडाळून ठेवलं. मग उठल्या आणि कोंबड्या टोपलीखाली धरायला लागल्या.

मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. पाऊस सुरू झाला होता, वारा अंगावर पाणी फेकत होता. रस्त्याच्या वळणावर आधी साळवेबाई दिसल्या, डोक्यावर जाळ्याचा गठ्ठा, पदर खोचलेला. त्यांच्या मागे पारूआजी, सुगंधा, आणि त्यांच्यामागे अख्खी खालची आळी. पोरं, म्हातारे, शेळ्या, पिंपं, कोंबड्यांच्या टोपल्या. ही माणसं वाचली, या विचारानं माझ्या जिवात जीव आला. पण लगेचच दुसरं काहीतरी छातीत बोचलं. तेच घर, तीच म्हातारी. मला चहा मिळाला होता, त्यांच्यामागे सगळी आळी आली होती.

वादळ दुपारी आदळलं. शाळेची दारं आम्ही बाकं लावून दाबून धरली. पोरं रडत होती, बायका देवांची नावं घेत होत्या. मला आणि साळवेबाईंना पारूआजींनी आपल्या दोन बाजूंना बसवून घेतलं आणि वारा कधी फिरणार ते सांगत राहिल्या. ओसरल्यावर आम्ही बाहेर आलो तेव्हा खालच्या आळीत एकाही घरावर कौल नव्हतं. पारूआजींच्या घरावर माड आडवा पडला होता, चुलीची जागा त्याच्या बुंध्याखाली होती. माणूस मात्र एकही गेलं नव्हतं.

पुढे तालुक्याच्या गावी निवाऱ्याच्या चोख व्यवस्थेबद्दल माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण. बोलायची वेळ आली तेव्हा मी साळवेबाईंचं नाव घेतलं आणि खालची आळी त्यांच्यामुळे आली हे स्पष्ट सांगितलं. त्या पहिल्या रांगेत बसून माझ्यासाठी टाळ्या वाजवत होत्या. सकाळी माझ्या साडीला इस्त्रीही त्यांनीच करून दिली होती. मी त्यांचा चेहरा निरखून पाहिला. कुठेतरी थोडी खंत, थोडा हेवा दिसेल म्हणून. काही नव्हतं. “लई छान बोललात ताई. मला तर बिलकुल जमलं नसतं,” त्या म्हणाल्या, आणि ते खरंच त्यांच्या मनातलं होतं. त्यांना माझा हेवा वाटला असता तर मला फार बरं वाटलं असतं. मग आम्ही दोघी सारख्या झालो असतो.

आधी माझी बदली झाली, काही वर्षांनी त्यांची. त्या भोकरदन तालुक्यात आल्या, मी अंबडला. फोन व्हायचे. “ताई, हिकडं समदं हाय, पन दर्याचा आवाज न्हाई. झोप जल्दी लागत न्हाई,” असं म्हणायच्या. मग त्यांना पोटाचं दुखणं निघालं, आणि गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी केदारखेड्याला गेले. मांडवात बसले होते तेवढ्यात धुळीनं माखलेली एक जीप येऊन थांबली आणि तिच्यातून कोळी बायका उतरल्या. समुद्रापासून इथवर, अर्धा महाराष्ट्र आडवा ओलांडून. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? माझ्यासाठी इतक्या लांबून कोण येईल, हे. ज्या बाईला फुलं वाहायला मी आले होते, तिचाच मी त्या मांडवात बसून हेवा करत होते.

त्या बायकांमधली एक माझ्याजवळ येऊन बसली. सुगंधा. केस पांढरे झाले होते.

“मॅडम, आमची सासू गेली दोन पावसाळ्यांमागं,” ती म्हणाली. “तुमच्या साडीतच नेली तिला.”

“माझ्या साडीत?”

“वादळाच्या दिवशी तिचं लुगडं चिंब झालेलं. तुमी कोपऱ्यात चादर धरून तुमची पिवळी साडी तिला नेसवलीत, केस पुसून दिलेत. इसरलात? तिनं ती साडी कोनाला हात लावू दिली नाय. जाताना हीच नेसवा म्हनून सांगून ठेवलेलं. आमच्या आळीत सगल्यांना ठाव हाय.”

मला काहीच आठवत नव्हतं. पिवळी साडी हरवली, एवढंच आठवत होतं. मी सुगंधाचा हात धरून बसून राहिले. आणि तिथं, त्या गर्दीत, मला एकच वाटत होतं, की आत्ता उठावं आणि हे साळवेबाईंना जाऊन सांगावं. जरा तोऱ्यातच सांगावं.